कॅसिओच्या तोंडी काय घालू? अब्रू, लौकिक, पत की नुसतं नाव?

संहितावाली

नमस्कार मंडळी, खरंच अडलेय म्हणून विचारतेय. साताऱ्यात आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, दहाबारा जण, कुणी बँकेत कुणी शाळेत कुणाचं स्वतःचं दुकान, संध्याकाळी सातनंतर एका शाळेचा हॉल मिळतो तिथे जमतो. यंदा शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमधले तीन प्रवेश करायचं ठरलंय. सायप्रसमधली रात्रीची मारामारी, मग इयागो व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो याच्या मनात त्याची बायको डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्याबद्दल संशय पेरतो तो मोठा प्रवेश, आणि शेवट. जुनी भाषांतरं आहेत, शिरवाडकरांचंही आहे, पण आमच्या पोरांना आज घरात बोलतात तशी भाषा हवी आहे म्हणून मीच बसलेय करायला.

तर अडलंय कुठे. दुसऱ्या अंकात ऑथेल्लोच्याच हाताखालचा इयागो कॅसिओला, म्हणजे ऑथेल्लोच्या उपसेनापतीला, दारू पाजतो, कॅसिओ भांडतो, सायप्रसचा आधीचा कारभारी मोंटानो याला जखमी करतो, ऑथेल्लो लग्नाच्या रात्री उठून बाहेर येतो आणि उभ्या उभ्या त्याला पदावरून काढून टाकतो. सगळे निघून जातात, दोघंच उरतात. इयागो विचारतो, लागलंय का कुठे? कॅसिओ म्हणतो, हो, आता कुठल्याच वैद्याचा उपयोग नाही. आणि मग एकच शब्द तीनदा म्हणतो. माझ्यातला जो भाग मरणार नव्हता तोच गेला, आता उरलंय ते जनावर.

तो एक शब्द मला मराठीत मिळत नाहीये. पहिल्या खर्ड्यात ‘अब्रू, अब्रू, अब्रू’ लिहिलं. तालमीत आमच्या कॅसिओने म्हटलं आणि मागे बसलेली आमचीच एक मैत्रीण म्हणाली, अगं हे बाईचं वाक्य वाटतंय, याच्यावर काय प्रसंग आलाय असं वाटतं. तिचं बरोबर होतं. मग ‘लौकिक’ करून बघितलं तर सत्काराचं भाषण झालं. ‘इज्जत’ म्हटलं की हिंदी सिनेमा आठवतो. ‘पत’ म्हटलं की कर्ज. ‘प्रतिष्ठा’ तीनदा म्हणून बघा, प्यायलेल्या माणसाची जीभच वळणार नाही.

दुसरा प्रश्न याच्याच पोटातला आहे. इयागो त्याला म्हणतो, अरे मला वाटलं अंगाला कुठे जखम झाली, नावलौकिक म्हणजे काय रे, लोकांनी उगाच लादलेली गोष्ट, लायकी नसताना मिळते आणि काही न करता जाते, तू गेलं म्हणशील तरच गेलं. आणि हाच माणूस पुढच्या अंकात ऑथेल्लोला सांगतो की पुरुषाचं काय, बाईचं काय, चांगलं नाव हेच जिवाचं खरं रत्न, माझं पाकीट मारलं तर कचरा नेला, पण माझं नाव कुणी नेलं तर त्याला काही मिळत नाही आणि मी मात्र भिकेला लागतो. आमचा इयागो करणारा मुलगा गेले आठ दिवस एकच विचारतोय, ताई, मी यातलं कुठलं खरं मानून बोलू? मी अजून उत्तर देऊ शकलेले नाही.

---

जुना_प्रॉम्प्टर

ताई, ‘नाव’ घ्या. डोळे झाकून घ्या.

मराठीत माणूस आयुष्यभर नावच सांभाळत असतो. पोरगं नाव काढतं, नाव घालवतं, नावाला बट्टा लावतं, कुणी नाव ठेवतं, गावात याचं नाव आहे म्हणतात, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात. आणि एक अक्षर की दीड अक्षर म्हणा, ते प्यायलेल्याला म्हणता येतं. तीन वेळा तीन प्रकारे म्हणता येतं. पहिल्यांदा त्याला स्वतःलाच कळत नाही काय गेलं, दुसऱ्यांदा कळतं, तिसऱ्यांदा आवाज निघत नाही. मी पस्तीस वर्षं विंगेत बसून लोकांना शब्द पुरवलेत, शब्द छोटा असला की नटाला श्वास मिळतो.

बरं, त्याच प्रवेशात कॅसिओच्या आधी ही गोष्ट ऑथेल्लो बोललाय ते बघितलंत का? तो जखमी मोंटानोला विचारतो की तुझ्या वयाच्या मानाने तू किती शांत आणि गंभीर म्हणून जाणत्या लोकांच्या तोंडी तुझं नाव आहे, आणि आज असं काय झालं की तू ते नाव असं सैल सोडून दिलंस आणि रात्री भांडणारा अशी ख्याती घेतलीस? तिथे त्याने नाड्या सोडल्या असं क्रियापद वापरलंय, पिशवीची नाडी सोडावी तसं. आणि नाव कुठे आहे म्हणतोय, तर शहाण्यांच्या तोंडात. म्हणजे माझं नाव माझ्याकडे नाहीच, ते तुमच्या तोंडात ठेवलेलं आहे. हे वाक्य कापू नका. बहुतेक जण कापतात, लांबी कमी करायची म्हणून.

आता इयागोने ते नाव घालवलं कसं हे टप्प्याटप्प्याने बसवा, कारण तुमचा अख्खा प्रयोग इथे उभा राहतो. कॅसिओ आधीच सांगतो की मला दारू सोसत नाही, आज एकच पेला घेतलाय आणि त्यातही पाणी घातलं होतं, त्याने काय झालंय बघ. इयागो आग्रह करतो, बाहेर पोरं थांबलीत म्हणतो. कॅसिओ पितो. तो जरा बाहेर गेला की लगेच इयागो मोंटानोच्या कानाला लागतो, याचं रोजचंच आहे हो, झोपायच्या आधी याला लागतेच. खोटं आहे! पण मोंटानोने कॅसिओला आज पहिल्यांदा असं बघितलंय, त्यामुळे त्याच्यासाठी ‘आज’ आणि ‘रोज’ एकच झालं. मोंटानो म्हणतो, हे ऑथेल्लोला सांगायला हवं. इयागो म्हणतो, छे, हे अख्खं बेट दिलंत तरी मी नाही सांगणार, माझं कॅसिओवर प्रेम आहे. मग आपल्या नादी लागलेल्या रॉडरिगोला पुढे करून भांडण लावतो, घंटा वाजवायला लावतो, गाव जागं करतो. आणि ऑथेल्लोने विचारल्यावर जीभ जड झाल्यासारखा एकेक शब्द सांगतो. आणि ऑथेल्लो काय म्हणतो? इयागो, तू चांगला आहेस म्हणून कॅसिओसाठी सौम्य करून सांगतोयस. बघा, एका माणसाचं नाव गेलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याचं वाढलं.

एकच पेला वाचताना मराठी माणसाला गडकऱ्यांचा सुधाकर आठवणारच. तिथेही आधी कोर्टातला अपमान आहे, सनद गेल्याची जखम आहे, मग तळीरामचा पेला आहे. इथे क्रम उलटा, आधी पेला आणि मग अपमान. पण प्यायला देणारा मित्रच, दोन्हीकडे.

आणि देवलांनी १८९० साली ऑथेल्लो मराठीत आणला तेव्हा त्याचा झुंजारराव केला. मला ते नाव फार आवडतं. झुंजारराव हे आईबापाने ठेवलेलं नाव वाटतच नाही, ती लोकांनी दिलेली ओळख वाटते. अशा माणसाला नाव गेल्यावर खाली दुसरं काही उरतच नाही.

---

रेवदंडा

लौकिक. नाटकाची भाषा जरा उंच असली तरी चालते, सगळंच घरातल्यासारखं करू नये.

---

शिकवते_इंग्रजी

प्रॉम्प्टर काकांशी कॅसिओपुरती सहमत, ‘नाव’च. पण संहितावाली ताई, मैत्रिणीने जे पटकन म्हटलं ना, हे बाईचं वाक्य वाटतंय, ते सोडून देऊ नका, मला वाटतं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मराठीत पुरुषाला नाव असतं, बाईला अब्रू असते. पुरुषाचं नाव वाढतं, कमी होतं, परत मिळतं. अब्रू फक्त असते किंवा गेलेली असते. शेक्सपिअरच्या इंग्रजीत हाच प्रकार एका शब्दात दडलाय, तो म्हणजे ऑनेस्ट. अख्ख्या नाटकात हा शब्द आणि त्याची रूपं मिळून पन्नासहून जास्त वेळा येतात. पुरुषाला लावला की अर्थ सरळ, सच्चा, विश्वासाचा. बाईला लावला की अर्थ एकच, शीलवान. इयागोला सगळे ऑनेस्ट म्हणतात, ऑथेल्लो तर सतत म्हणतो, आणि त्यासाठी इयागोला एकही पुरावा द्यावा लागत नाही. डेस्डिमोनाला मात्र तोच शब्द लागू आहे की नाही याचा अख्खा तिसरा चौथा अंक खल होतो आणि तिला एकदाही कुणी नीट विचारत नाही की कॅसिओचं काय.

आणि कॅसिओवर जीव असलेली बियांका! वेश्या म्हणूनच सगळे तिच्याकडे बघतात. कॅसिओवर हल्ला होतो त्या रात्री इयागोची बायको एमिलिया तिला तोंडावर शिवी देते, आणि ती उत्तर देते की तू मला नावं ठेवतेस पण माझं जगणं तुझ्याइतकंच सरळ आहे. नाटकात हा शब्द स्वतःसाठी ठामपणे मागणारी बाई ती आहे. आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, इयागोने आधीच तिच्यावर संशय ढकललेला असतो.

आता मोठ्या प्रवेशातलं एक वाक्य, ते तुम्हाला भाषांतर करावंच लागेल म्हणून सांगते. ऑथेल्लो म्हणतो, जे नाव चंद्रदेवतेच्या मुखासारखं ताजं होतं ते आता माझ्या तोंडासारखं काळं झालंय. प्रश्न असा की कुणाचं नाव? १६२२ ला नाटक पहिल्यांदा सुटं छापलं गेलं त्यात ह्या ओळीच नाहीत. १६२३ च्या मोठ्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, ‘माझं नाव’ आहे. १६३० च्या छापील प्रतीत ‘तिचं नाव’ आहे. संपादक आजही दोन बाजूंना आहेत. मी वर्गात मुलांना दोन्ही फळ्यावर लिहून देते आणि विचारते, एक शब्द बदलला तर काय बदलतं? एका मुलीने दिलेलं उत्तर मी विसरणार नाही, ती म्हणाली, मॅडम, त्याच्यासाठी दोन्ही एकच आहे ना, म्हणून तर तो तिला मारतो. बायकोची अब्रू म्हणजे नवऱ्याचं नाव, हे गणित ज्या घरात आहे तिथे त्या दोन प्रतींत फरकच नाही.

मी असते तर ‘माझं नाव’ घेतलं असतं. तिचं म्हटलं तर तो तिच्यासाठी हळहळतोय असं वाटतं. माझं म्हटलं की कळतं, तो आत्ता कुणाचा विचार करतोय.

आणि मराठीत तोंडाला काळं फासणं तयारच आहे, फक्त जपून. तो कातडीने काळा आहे, आणि लोकांनी त्याच्या रंगाला जे चिकटवलं ते तो इथे पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलतोय. व्हेनिसच्या सिनेटसमोर उभा राहून बोलणारा माणूस हे बोलला नसता. वाक्य सहज निघून गेलं तर ही सगळी पडझड प्रेक्षकाला कळायची नाही.

---

संहितावाली

बाप रे, ‘माझं’ आणि ‘तिचं’ची गोष्ट मला माहितीच नव्हती, माझ्याकडच्या प्रतीत ‘माझं’ आहे आणि मी विचार न करता पुढे गेले होते. काका, मोंटानोचं वाक्य कापलेलं होतं, आजच परत घातलं. पण इयागोच्या मुलाला काय सांगू ते अजून बाकी आहे.

---

कृष्णाकाठ

मी नाटकवाला नाही, एकदा पुण्यात प्रयोग बघितलाय आणि नंतर पुस्तक वाचलंय, पण इयागोच्या त्या दोन बोलण्यांबद्दल लिहावंसं वाटलं कारण त्यातलं पहिलं मी घरात ऐकलंय.

माझे वडील गावातल्या एका पतसंस्थेचे खजिनदार होते, नाव नाही लिहीत. एका वर्षी ताळेबंदात फरक आला आणि कुणीतरी कुजबुज सुरू केली. ऑडिट झालं, चूक दुसऱ्याच खात्यातल्या नोंदीची निघाली, वडिलांवर काही आलं नाही, लेखी तसा कागदही मिळाला. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. पण स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर एक बाकडं होतं, तिथे वडील आले की लोक सरकून जागा द्यायचे. ते सरकणं बंद झालं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही, फक्त कुणी सरकेना. वडील उभ्याने चहा प्यायचे आणि निघायचे. पुढे पुढे जायचेच बंद झाले.

माझा काका त्यांना हेच सांगायचा जे इयागो कॅसिओला सांगतो. अरे तू मनाला लावून घेतोस म्हणून, लोकांचं काय, तुझं मन साफ आहे ना मग झालं. काका प्रेमाने सांगायचा, त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. वाक्य चुकीचं नाहीच. पण त्याने वडिलांना काडीचाही फायदा झाला नाही, कारण मन साफ आहे हे त्यांना माहितीच होतं, बाकड्यावर जागा मनाने मिळत नाही. वर ताई म्हणाल्या पत म्हटलं की कर्ज, खरंय, पण पत म्हणजे तरी काय, चार लोकांनी तुमच्यावर ठेवलेलं. ते तुमच्या हातात कधी नसतंच.

म्हणून मला वाटतं इयागोचं काम करणाऱ्याने दोन्ही वाक्यं खरी मानूनच बोलावीत. दोन्ही खरी आहेत. नाव पोकळ आहे हेही खरं आणि नाव गेलं की माणूस भिकेला लागतो हेही खरं. तो खोटं बोलत नाही तिथे, तो खऱ्याचा वापर करतो. एकाला म्हणतो सोड, दुसऱ्याला म्हणतो घट्ट धर, आणि दोघंही त्याने दाखवलेल्या खड्ड्याकडे चालायला लागतात.

आणि एक. कॅसिओ पुढे काय करतो बघा. तो स्वतः ऑथेल्लोकडे जात नाही, तोंड दाखवायची लाज वाटते. इयागोच्या सांगण्यावरून तो डेस्डिमोनाला गाठतो, माझ्यासाठी शब्द टाका. ती साधी चांगली बाई, ती नवऱ्याला सारखं म्हणत राहते त्याला परत घ्या, उद्या घ्या, नाहीतर मंगळवारी घ्या. जितकी ती बोलते तितका ऑथेल्लोचा संशय वाढतो. म्हणजे कॅसिओचं नाव परत मिळवायला तिचं नाव खर्ची पडलं. आणि शेवटी कॅसिओला सगळं परत मिळतं, उलट जास्तच, सायप्रसचा कारभार त्याच्याकडे येतो. तिला काय मिळतं ते माहितीय सगळ्यांना.

आमच्याकडे त्या दिवसांत आई म्हणाली होती, मी अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांच्या मिसेसशी बोलून येते. वडील कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले, म्हणाले तू माझ्यासाठी कुणाच्या दारात उभी राहायचं नाही. मला तेव्हा वाटलं त्यांना कमीपणा वाटतोय. नाटक बघताना पहिल्यांदा वाटलं की ते आईला वाचवत असतील.

---

जुना_प्रॉम्प्टर

कृष्णाकाठ, फार मनापासून लिहिलंत. ते ‘सरकणं’ मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

ताई, इयागोच्या मुलाला अजून एक दाखवा. पहिल्या अंकाच्या शेवटी इयागो स्वगतात म्हणतो की ऑथेल्लोने माझ्या बायकोशी संबंध ठेवले असं बाहेर बोललं जातं, खरं की खोटं मला माहिती नाही, पण नुसत्या संशयावरून मी खात्री असल्यासारखा वागणार. म्हणजे नाव ही फालतू गोष्ट आहे म्हणणारा हा माणूस स्वतः लोकांच्या बोलण्याने पेटलेला आहे! त्या पोराला म्हणावं, कॅसिओला समजावतोस ते खरं तर तू रोज रात्री स्वतःला समजावत असतोस आणि तुलाच ते पटत नाही. असं धरून बोलला तर वाक्याला वजन येईल.

---

परदेशी_पाखरू

मी अकरा वर्षं भारताबाहेर आहे, माझा थोडा वेगळा मुद्दा. सगळे नाव म्हणजे चारचौघांतला मान असं धरून बोलताय, पण ऑथेल्लोसाठी ते त्याहून जास्त आहे. तो व्हेनिसचा नाही. तिथे त्याचं घराणं नाही, भाऊबंद नाही, जमीन नाही. व्हेनिसला तुर्कांशी लढायला सेनापती हवा म्हणून तो तिथे आहे. त्याचं नाव हाच त्याचा तिथे राहायचा परवाना आहे. पहिल्या अंकात सासरा ब्रबांशिओ माणसं घेऊन पकडायला येतो तेव्हा तो घाबरत नाही, म्हणतो मी राज्याची जी सेवा केलीय ती त्याच्या तक्रारीपेक्षा मोठ्याने बोलेल. आणि खरंच तसंच होतं. सिनेट त्याच्या बाजूने उभं राहतं, कारण त्याच रात्री सायप्रसला त्याची गरज आहे.

बाहेर राहणाऱ्याला हे पटकन कळतं. इथे माझ्या बाजूच्या टेबलावरचा माणूस एक चूक करतो तेव्हा ती त्याची एकट्याची असते. मी केली की ती माझ्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांची होते. म्हणून माणूस जास्त ताठ राहतो, जास्त सभ्य बोलतो. ऑथेल्लो सुरुवातीला किती सावकाश आणि भारदस्त बोलतो ते बघा, तसं बोलणं त्याला परवडतं म्हणून नाही, त्याला तसंच बोलावं लागतं म्हणून. आणि चौथ्या अंकात व्हेनिसहून आलेल्या लोडोविकोसमोर तो बायकोला थोबाडीत मारतो, तेव्हा लोडोविको विचारतो, हाच का तो, ज्याला आपलं अख्खं सिनेट सर्वगुणसंपन्न म्हणतं? परवाना तिथेच फाटला, फक्त हुकूम यायचा बाकी होता.

शेवटच्या प्रवेशाबद्दल तर मला फार वाटतं. डेस्डिमोना मरताना एमिलिया विचारते कुणी केलं हे, आणि ती म्हणते, कुणी नाही, मीच. ती जाता जाता खोटं बोलते, नवऱ्याचं नाव वाचावं म्हणून स्वतःवर आत्महत्येचा डाग घेते. आणि तो लगेच काय म्हणतो, खोटं बोलून नरकात गेली, मीच मारलं तिला. तिने दिलेलं नाव त्याला घेताही येत नाही. मग सगळं उघडं पडल्यावर मरायच्या आधीचं त्याचं शेवटचं भाषण काय आहे? पत्रात काय लिहायचं ते. तुम्ही व्हेनिसला हे कळवाल तेव्हा मी जसा होतो तसा लिहा, काही कमी करू नका, द्वेषाने वाढवूही नका, लिहा की शहाणपणाने नाही पण फार प्रेम केलं त्याने. समोर बायकोचं प्रेत आहे आणि हा माणूस मजकूर सांगतोय. मला पूर्वी याचा राग यायचा. आता येत नाही, कारण त्याच्याकडे दुसरं काही कधी नव्हतंच.

---

शिकवते_इंग्रजी

मला मात्र अजूनही राग येतो, आणि यावा असं वाटतं. त्याच्या भाषणात तिचं नाव एकदाही येत नाही. मोती फेकून दिला म्हणतो, पण डेस्डिमोना म्हणत नाही.

शेवटच्या प्रवेशात नावाबद्दलचं सगळ्यात मोठं वाक्य माझ्या मते त्याचं नाहीच, एमिलियाचं आहे. इयागोनेच ऑथेल्लोचे कान भरले हे तिला कळतं तेव्हा इयागो तिला घरी जा म्हणून हुकूम सोडतो. ती तिथल्या पुरुषांना म्हणते, नवऱ्याचं ऐकायला हवं हे बरोबर, पण आत्ता नाही. आणि मग रुमालाचं, म्हणजे डेस्डिमोनाचा पडलेला जो रुमाल तिनेच उचलून इयागोला दिला तो त्याने पुरावा म्हणून वापरला हे, कळल्यावर म्हणते, देव, माणसं, भुतं, सगळ्यांनी मला छी थू केली तरी मी बोलणार. बाकी प्रत्येक जण स्वतःचं नाव धरून बसलाय, कॅसिओ, ऑथेल्लो, बायकोच्या बाबतीत तर इयागोसुद्धा. ही एकटी हातातलं टाकून देते आणि म्हणूनच तिला खरं बोलता येतं. दोन मिनिटांत नवरा तिला भोसकतो. ज्याला सगळे सरळ म्हणत होते तो.

चौथ्या अंकात इयागो ऑथेल्लोला म्हणतो की बाईची अब्रू दिसत नाही, जिच्याकडे नसते तिच्याकडेही आहे असं वाटतं, पण रुमाल... आणि वाक्य तिथेच सोडतो. न दिसणाऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून एक दिसणारं फडकं पुढे केलं आणि तो माणूस संपला. ताई, तो प्रवेश तुम्ही घेतलेला नाही, पण रुमाल पडतो तो तुमच्या मोठ्या प्रवेशातच आहे. पडल्यावर त्याला थोडा वेळ जमिनीवर एकटा राहू दे. लगेच एमिलियाने उचलू नये.

---

संहितावाली

उशिरा लिहितेय, काल तालीम साडेदहापर्यंत चालली.

तुम्हा सगळ्यांचं वाचून दाखवलं ग्रुपला. कॅसिओचं ‘नाव’ पक्कं झालं. रेवदंडा, लौकिक पूर्ण सोडला नाही, तो इयागोच्या उत्तरात घातला. कॅसिओ नाव म्हणतो आणि इयागो त्याला समजावताना लौकिक म्हणतो, त्यामुळे आपोआप ते वरवरचं, कागदी वाटायला लागलं. त्याचं काम अर्धं शब्दानेच झालं. ‘ऑनेस्ट’ला ‘सरळ’ घेतलाय. सरळ माणूस आहे इयागो, हे ऑथेल्लो म्हणतो तेव्हा आपल्या ऑफिसात कुणाबद्दल म्हणतात तस्सं ऐकू येतं. आणि ‘सरळ बाई’ म्हटलं की मराठीतही अर्थ बदलतो हे मला तालमीत ऐकल्यावर कळलं.

कॅसिओचा पट्टा ऑथेल्लो काढून घेतो असं बसवलं होतं, आता तो स्वतःच काढतो आणि जमिनीवर टाकतो. पायरीवर बसून पहिलं ‘नाव’ रागाने, दुसरं हळू, तिसऱ्याला नुसते ओठ हलले. हॉलमध्ये बाहेरच्या रिक्षाचा आवाज ऐकू आला इतकी शांतता. मग इयागो येऊन तो पट्टा उचलतो, धूळ झटकतो, घडी घालतो आणि घडी घालत घालत म्हणतो, मला वाटलं कुठे जखमबिखम झाली. काका, तुम्ही सांगितलं तसं तो स्वतःलाच सांगतोय असं धरून बोलला, आणि एक ओळ विसरला, पण थांबला तिथे इतका खरा वाटला की मी ती ओळच काढून टाकली.

‘माझं नाव’ ठेवलंय. तोंडाला काळं फासलं असं न करता ‘माझ्या या तोंडासारखं काळं’ ठेवलंय आणि ऑथेल्लो ते म्हणताना हाताचा तळवा बघतो, चेहऱ्याला हात लावत नाही. रुमाल जमिनीवर राहतो, मोजून दहा सेकंद.

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून आमचा मोंटानो, जो एका सहकारी बँकेत आहे, काही न बोलता बाहेर जाऊन आला.

आणि बियांका ठरलेल्या तीन प्रवेशांत नव्हती, आता पाचव्या अंकातला तो छोटा तुकडा घेतेय, चार मिनिटंच होतात. पण तिचं ते वाक्य अडलंय. ‘माझं जगणं तुझ्याइतकंच सरळ आहे’ हे ठीक आहे, पण एमिलियाने जी शिवी दिली तिच्यावर ते उलटून यायला हवं, आणि मराठीत त्या शिवीला उत्तर देणारा शब्द बाईकडे आहे का हेच मी शोधतेय. शनिवारी परत तालीम आहे. कुणाला सुचलं तर त्याआधी इथे टाका.